जी रडत होती ती

आई गेली त्या वर्षी आमच्या घरात कुरडया झाल्या नाहीत. दुःखाच्या घरात वर्षभर वाळवण घालायचं नाही ही आमच्याकडची रीत. रीतीला पळवाटही असतेच. आपण करायचं नाही, पण शेजाऱ्यांनी करून दिलेलं खायला हरकत नाही. त्यामुळे चैत्र लागला तशा कॉलनीतल्या बायका डबे घेऊन यायला लागल्या. कुणाचे उडदाचे पापड, कुणाचे नागलीचे, कुणाच्या कुरडया पांढऱ्याशुभ्र तर कुणाच्या गव्हाच्या सालीसकट तांबूस. एकीच्या पापडात मीठ जास्त, दुसरीच्यात हिंग. आई असताना आमच्याकडे दोन डबे भरायचे, त्या वर्षी माळ्यावर जागा उरली नाही. वडील जेवायला बसले की आत्या एक पापड भाजून ताटात ठेवायची आणि वडील तो खाताना हमखास म्हणायचे, "हा कुणाकडचा?" त्याचं उत्तर कुणालाच येत नसे.

वडिलांना मी अण्णा म्हणायचे. ते एकलहऱ्याच्या थर्मलला, कोळशावरच्या वीजकेंद्रात, बॉयलरवर होते आणि आम्ही तिथल्याच कॉलनीत राहायचो. ज्यांनी ती कॉलनी पाहिली नाही त्यांना सांगते, तिथे दोन गोष्टी कायमच्या होत्या. एक राख आणि दुसरा आवाज. राख दिसायची नाही, पण दोरीवरचा पांढरा शर्ट झटकला की कळायची. आई गच्चीत कुरडया घातल्या की वरून जुन्या वॉयलच्या साडीचा मांडव करायची, आणि संध्याकाळी साडी काढली की तिच्यावर बोटानं नाव लिहिता यायचं. आवाज म्हणजे प्लँटची घरघर, चोवीस तास. ती आम्हाला ऐकूच यायची नाही. उलट कधी संच बंद पडून घरघर थांबली, तर अख्ख्या कॉलनीला झोपेतून जाग यायची आणि बायका दारात येऊन विचारायच्या, काय झालं हो. आई गेल्यावर मला कसं वाटत होतं असं पुढे कितीतरी जणांनी विचारलं. मला ही घरघरच आठवते. काहीतरी चालू होतं नक्की, पण मला ऐकू येत नव्हतं.

कुरडयांचा चीक शिजायचा त्या दिवशी शकू उजाडताच आमच्याकडे हजर असायची. शकू म्हणजे शकुंतला, मागच्या ओळीतल्या क्वार्टरमधली, पहिलीपासून माझ्या बाकावर बसलेली. तिच्या घरी बहिणीच बहिणी, तिघींत ही थोरली, त्यामुळे तिला लाड म्हणून जे काही मिळालं ते आमच्या घरी. आई पातेल्यात मोठा लाकडी हाटा फिरवत असायची, घामानं कुंकू ओघळलेलं, आणि शकू वाटी पुढे करून उभी. "काकू, वरचा नको, तळाचा खरपूस द्या." तूप-साखर घालून दोघी ओट्यावर बसून खायचो. रविवारी आई आम्हा दोघींचीही डोकी धुवायची. रिठे रात्री भिजत घातलेले, सकाळी उकळून कुसकरलेले, न्हाणीत एकापुढे एक दोन पाट. "डोळे मीट गं, रिठा झोंबतो," हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. शकू मुद्दाम डोळे उघडायची आणि मग बोंबलायची. आई म्हणायची, "हिला सासरी कोण घेणार? रडूबाई नुसती."

कार्तिकात, तुळशीच्या लग्नाच्या आधी, आईला कावीळ झाली आणि आठवड्यात ती गेली. त्याबद्दल मी फार लिहिणार नाही. लिहिण्यासारखं मला काही आठवतही नाही. मी रडले नाही, एवढं सगळ्यांना आठवतं. बायकांनी मला मिठ्या मारल्या, हलवलं, "रड गं बाय, मोकळी हो," म्हणून पाठीवर थोपटलं. मी त्यांना चहा हवा का विचारत होते. अण्णांची थोरली बहीण, माझी आत्या, निफाडकडच्या गावाहून आली होती. चार दिवसांसाठी आली ती राहिलीच. विधवा बाई, तिकडे तिच्यावाचून कुणाचं अडत नव्हतं आणि इकडे सगळंच अडलं होतं. तिनं माझ्या न रडण्याचा फार धसका घेतला. दहावा झाला, तेरावा झाला, पोर अजून कोरडी. एके दिवशी तिनं माझ्यापुढे गावाकडून आलेल्या कांद्यांची पाटी ओतली आणि म्हणाली, "चीर." चिवडा करायचा नव्हता, पाहुणे यायचे नव्हते. मी चिरत बसले. डोळ्यांतून धारा लागल्या, आत्या समोर बसून बघत राहिली. थोड्या वेळानं तिनं माझ्यापुढची विळी ओढून घेतली. "ऱ्हाऊ दे. कांद्याचं पानी कांद्याचंच ऱ्हातं," म्हणाली. त्या कांद्यांचं पुढे तिनं काय केलं ते मला माहीत नाही.

बारावीची परीक्षा मी दिली. कशी दिली विचारू नका, पेपर लिहिले हे खरं. मला बी.एस्सी. करायचं होतं, वनस्पतिशास्त्र घेऊन, हे आई असताना ठरलं होतं. म्हणजे मी म्हटलं होतं आणि आई "बघू" म्हणाली होती. आमच्याकडे "बघू" म्हणजे निम्मा होकार. आता आई नव्हती आणि बघणारी होती आत्या. आत्याचा हिशेब सरळ होता. घरात कुणी गेलं की लेकीचं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, तेवढं पुण्य गेलेल्याला लागतं. नाही उरकलं तर तीन वर्षं थांबायचं. "आन आखाडी एकादस आली का चार म्हैने बंद," ती अण्णांना समजावत होती. "तुळशीचं लगीन झालं का वरीस सरलं. म्हंजी काय ते वैशाख नायतर जेठ. तीन वर्सांनी पोरगी एकवीसची व्हईल, आन बिनमायची. कोन इचारील?" अण्णा भाकरीचा तुकडा ताटात फिरवत राहिले. मग म्हणाले, "बघ तुला काय वाटतं ते." हे दोघं स्वयंपाकघरात बोलत होते आणि मी बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. मला सगळं ऐकू येत होतं. मला वाटलं असावं की कॉलेज गेलं. पण ते वाटणं मला लागलं नाही. मी शर्टाची घडी चुकली म्हणून ती परत घातली.

आत्यानं स्थळ काढलं ते सटाण्याकडचं. मुलगा गावातल्या शाळेत मास्तर, घरची डाळिंबाची बाग, आमच्यातलेच. मुलाची मावशी नाशकात गंगापूर रोडला राहायची. आता अडचण अशी की वर्षश्राद्ध झालं नसल्यामुळे आमच्या घरी मुलगी दाखवायचा कार्यक्रम करता येईना. त्या घरी शुभकार्याला पाऊल ठेवायचं नाही, तिथे ओटी भरायची नाही. मग फोटो पाठवा म्हणाले. फोटोंमध्ये माझा म्हणावा असा एकच होता, नाशिकरोडच्या स्टुडिओत काढलेला, मी आणि आई शेजारी शेजारी. आत्यानं तो भिंतीवरून काढायला हात घातला आणि अण्णा, जे तिच्यापुढे कधी ब्र काढत नसत, म्हणाले, "तो घराबाहेर जाणार नाही." झालं. मग मावशीनंच तोड काढली. तिच्या बंगल्याजवळच्या कॉलेजची मोठी बोटॅनिकल गार्डन होती, ती रोज तिथे फिरायला जायची. मुलीला तिथे पाठवा, आम्ही लांबून बघून घेऊ, पसंत पडली तर पुढचं बोलू.

हे मला माहीत नव्हतं. शकूला माहीत होतं. आत्यानं शकूच्या आईला गाठलं, तिनं शकूला सांगितलं. मंदाला, म्हणजे मला, बाग दाखवायला ने, दोन फेऱ्या मार, मधल्या चौकात बाकावर माणसं बसलेली असतील तिथे जरा रेंगाळ, आणि तिला यातलं काही बोलू नको. मला कळलं तर मी जाणार नाही, किंवा गेले तर तोंड दगडासारखं करीन अशी आत्याला भीती. तोंड तसंही दगडासारखंच होतं, पण ते राहू दे.

वैशाखातली दुपार. उन्हं कलायच्या आतच निघालो, कारण एकलहऱ्याहून नाशिकरोडला एक बस, तिथून सीबीएसच्या स्टँडला दुसरी आणि पुढे गंगापूर रोडला तिसरी. निघताना शकूनं माझा अबोली रंगाचा ड्रेस काढून पलंगावर ठेवला. "हा घाल ना." मी म्हटलं, "उन्हात कोण बघतंय?" आणि राखाडी घातला. तिनं पुन्हा आग्रह केला नाही. बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि एरवी जिचं तोंड मिटत नाही ती शकू अख्खा रस्ता गप्प होती. मला ते बरंच वाटलं. फाटकाबाहेर एका गाडीवर तिनं तिखट-मीठ लावलेल्या कैरीच्या फोडी घेतल्या आणि आम्ही आत गेलो.

कॉलेजला सुट्टी, त्यामुळे बाग रिकामी. वॉचमन खुर्चीत टोपी डोळ्यांवर घेऊन झोपलेला. निवडुंगाचं काचघर कुलुपात. कमळाच्या हौदात तळाला बोटभर हिरवं पाणी. पण बहावा असा फुलला होता की खालची वाट पिवळी झाली होती. प्रत्येक झाडाला तारेनं पत्र्याची पाटी बांधलेली, तिच्यावर लॅटिन नाव आणि खाली मराठी. मी पाट्या वाचत चालले. मला कुठेतरी वाटत होतं की आपण ही नावं इथे बसून पाठ करणार होतो. ते दुसऱ्याच कुणाबद्दल असल्यासारखं वाटलं. शकू मधूनच म्हणायची, "इकडून जाऊ या का?" आणि मी इकडून जायचे, "थांबू या का?" आणि मी थांबायचे. त्या दिवशी तिनं मला हौदात उतर म्हटलं असतं तरी उतरले असते.

मधल्या चौकात बाकावर एक बाई बसल्या होत्या, मांडीवर पर्स, पायांत मोजे आणि चपला. त्यांच्यापलीकडे एक तरुण सागाच्या झाडापुढे उभा राहून पाटी वाचत होता. आम्ही पहिली फेरी मारून आलो तरी तो तीच पाटी वाचत होता. मला वाटलं, कुणी नवे प्राध्यापक असतील. शकूच्या नवऱ्याला आजही विचारा, झोपेतून उठवून विचारा, ते म्हणतात, "टेक्टोना ग्रँडिस." दुसऱ्या कुठल्या झाडाचं नाव त्यांना येत नाही.

चौकाच्या कडेला रिठ्याचं झाड होतं. खाली वाळलेले रिठे पडलेले, सुरकुतलेले, तपकिरी. आमच्या घरातले रिठे संपले होते, आत्या मला साबण लावायला सांगायची. मी खाली बसून रिठे वेचायला लागले आणि ओढणीत टाकायला लागले. शकूनं दोन-चार उचलले. शेजारी नळ होता, माळ्याचा, ठिबकणारा. तिनं नुसता चाळा म्हणून रिठा फोडून तळहातावर नळाखाली चोळला. फेस आला. तिनं हात नाकाशी नेला आणि तशीच उभी राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मंदे, काकू." एवढंच म्हणाली आणि तिचं तोंड वाकडं झालं. ती नळाजवळ मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. फेसाळलेला हात लांब धरलेला, दुसऱ्या हातानं ओढणी तोंडात कोंबलेली, खांदे गदगद हलतायत. मी तिच्याकडे बघितलं. मला कळत होतं की ही माझ्या आईसाठी रडतेय. आपण जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवायला हवा हेही कळत होतं. पण माझ्या ओढणीत रिठे होते, सोडले असते तर सांडले असते. म्हणून मी वेचत राहिले. बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "तू बरी आहेस ना?" मी म्हटलं, "हो. का गं? आता पुरेत का एवढे?"

बाकावरच्या बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. त्या आमच्याकडेच बघत होत्या. शकूचं लक्ष गेलं आणि ती घाईनं म्हणाली, "चल, बस चुकेल." तिनं पुन्हा बाकाकडे बघितलंही नाही.

परवा मी त्या बागेत जाऊन आले. आता सकाळी तिथे माणसं हात हलवत भरभर चालतात आणि मोबाईलवर मोठ्यानं बोलतात. बाकं सिमेंटची झाली, पाट्या नव्या, त्यांच्यावर काळे चौकोन आहेत, फोन धरला की माहिती येते म्हणे. रिठ्याचं झाड आहे. खाली फरशी केल्यामुळे रिठे झाडून नेतात. मी निवृत्तीपर्यंत मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवलं, दर वर्षी एक तुकडी तिथे घेऊन गेले, आणि रिठ्याशी आले की नेहमी तेच सांगितलं, फळात सॅपोनिन असतं, त्यानं फेस येतो. त्याच्या पुढचं मुलांना सांगायचं नसतं.

तेव्हा बागेतून आल्यावर आठ दिवसांत निरोप आला, मुलगी पसंत आहे. मावशीनं आत्याला खास कळवलं होतं की रूप काय, आज आहे उद्या नाही, पण पोर मायाळू आहे, आम्हाला घरात माया हवी. आत्या हरखली. मला समोर बसवून तिनं सगळं सांगितलं, बागेत काय ठरलं होतं, कोण बसलं होतं. तिला वाटलं मी चिडेन, म्हणून तिनं आवाज आधीच चढवून ठेवला होता. मी म्हटलं, "बरं." तिनं विचारलं, "तुला चालंल ना?" मी पुन्हा म्हटलं, "बरं." अण्णा त्या दिवशी रात्रपाळीला लवकर निघून गेले. शकू चार दिवस आमच्याकडे फिरकली नाही. आली तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्यावर राग आहे का?" मला राग नव्हता. आता मागे वळून बघताना वाटतं, निदान तेवढा तरी यायला हवा होता.

आमच्या घरात कार्य नको म्हणून बोलणी शकूच्या क्वार्टरमध्ये ठरली. तिच्या आईनं हौसेनं सतरंज्या घातल्या, पन्ह्याचं मोठं पातेलं भरलं. सटाण्याहून जीप आली. पुरुष पुढच्या खोलीत, बायका आतल्या. मला अबोली ड्रेसऐवजी आईची मोतिया साडी नेसवली होती आणि डोक्यावर पदर देऊन पाटावर बसवलं होतं. मुलाची आई म्हणजे एक शांत, थकलेल्या चेहऱ्याची बाई, तिनं माझ्याकडे बघून मान हलवली. मग मावशी कुंकवाचा करंडा घेऊन पुढे वाकली आणि तशीच थांबली. तिनं माझी हनुवटी वर केली. म्हणाली, "ही नाही."

आत्या म्हणाली, "ही नाय कशी? हीच मंदा."

"अहो नाही. ही बरोबर होती ती. खाली बसून काहीतरी वेचत होती ती." मावशीचा आवाज घाबरा झाला होता आणि ती नाशकातली भाषा सोडून घरच्या अहिराणीवर आली. बहिणीकडे वळून म्हणाली, "माय करता रडी ऱ्हायनी व्हती ना, ती. मी तुले बोलनू ना, पोर मयाळू शे." आणि तेवढ्यात शकू पन्ह्याचे पेले घेऊन दारात आली. मावशीनं बोट केलं. "ती काय. ती."

सगळ्या बायका शकूकडे बघायला लागल्या. शकूची आई कोपऱ्यात वेलची सोलत होती, तिला काही उमजेना. "तिची माय मी," ती म्हणाली. "मी जिती हाय की इथं."

प्लँटची घरघर मला त्या दिवशी स्पष्ट ऐकू आली. मावशी पाटासमोर मटकन बसली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, दोन मुली येतील, एकीची आई गेलीय, एवढंच सांगितलं होतं. एक धाय मोकलून रडतेय, दुसरी निवांत रिठे वेचतेय. मी काय समजायचं?" खरं सांगते, तिचं काही चुकलं नाही. तिच्या जागी मी असते तर मीही शकूवरच बोट ठेवलं असतं. शकूच्या हातातलं पेल्यांचं ताट कलायला लागलं. मी उठून तिच्या हातातून ताट घेतलं, नाहीतर पन्हं सांडलं असतं, आणि पाहुण्यांना एकेक पेला दिला. मुलाच्या आईनं पेला घेताना माझा हात क्षणभर धरून ठेवला.

त्या संध्याकाळी आत्या उपाशी झोपली. तिला अपमान लागला होता, माझ्या वाटचाही तिनंच लावून घेतला. दुसऱ्या दिवशी अंथरुणातूनच म्हणाली, "एक डाव रडली असतीस तर काय बिघडलं असतं?" मी तिला चहा दिला. पुढच्या आठवड्यात सटाण्याहून माणूस आला तो आमच्या घरी नाही, मागच्या ओळीत गेला. शकूसाठी मागणी. तिला नर्सिंगला जायचं होतं, फॉर्म आणून ठेवला होता. पण तीन मुलींच्या बापाच्या दारी स्थळ आपल्या पायांनी चालत आल्यावर नर्सिंगबद्दल कोण बोलणार? हुंडा नको, मुलगा नोकरीचा. ज्येष्ठातला मुहूर्त निघाला. माझ्यासाठी दुसरं स्थळ तेवढ्यात मिळेना, आणि आषाढी आली. आत्या एकदा भांडी लावता लावता म्हणाली, "आता तीन वर्सं. बसून काय करशील? जा त्या कालिजात." एवढ्यावर माझं कॉलेज ठरलं. मला जे हवं होतं ते मला मिळालं होतं आणि शकूचं गेलं होतं, हे मला गणितासारखं समजत होतं. छातीत काही हललं नाही.

मी थोडी पुढे गेले. लग्नाकडे परत येते. शकूच्या घरी पाहुणे मावेनात. हळदीच्या आदल्या दिवशी तिनं हट्ट धरला की उद्या सकाळी डोकं मंदाच धुणार, आणि तेही मंदाच्या न्हाणीत. तिच्या घरच्या बायका कुजबुजल्या. दुःखाच्या घरची पोर, तिचा हात नवरीला नको. तिची आई कात्रीत सापडली. तेव्हा आत्याच म्हणाली, "डोकं धुतलं म्हंजी काय हळद लावली नाय. येऊ द्या तिला." त्या रात्री मी डब्यात भरून ठेवलेले ते बागेतले रिठे भिजत घातले. डबा उघडायची वेळ तोवर आलीच नव्हती.

सकाळी न्हाणीत पाट ठेवला, शकू बसली, मी मागे. आई बसायची तशीच बसले, कारण मला दुसरी पद्धत माहीत नव्हती. कोमट पाणी घातलं, रिठ्याचं पाणी ओतलं, आणि चोळायला लागले. शकूचे केस दाट, फेस भरभर आला. पाठमोरी शकू हळू आवाजात म्हणाली, "मला माहीत होतं गं, बाकावर कोण बसलंय ते. मी तुला फसवून नेलं. नळापाशी काकूंचा वास आला आणि वाटलं, काकू असत्या तर त्यांनी मला काय म्हटलं असतं. म्हणून मी रडले. आणि बघ, तेच माझ्या अंगाशी आलं." मी आणखी पाणी घातलं. ती म्हणाली, "तुझ्या वाटचं मी रडले बाई. आता माझ्या वाटचं तू रड. मला उद्या रडता येणार नाही, माझ्यात आता काही शिल्लकच नाही."

मी म्हटलं, "डोळे मीट गं, रिठा झोंबतो."

ते वाक्य मी म्हटलं आणि माझ्याच कानांनी ऐकलं. आवाज आईचा होता. हेल, तो "गं", सगळं तिचं. माझे हात शकूच्या केसांत तसेच राहिले. तेवढ्यात कपाळावरची बट मागे सारायला मी हात वर नेला आणि फेस माझ्याच डोळ्यांत गेला. झोंबला, पाणी आलं. मी तांब्या घेऊन डोळे धुतले. एकदा धुतले, पुन्हा धुतले. रिठा निघून गेला, पाणी थांबेना. मी तोंड दाबून धरलं, तरी आवाज फुटलाच. मी शकूच्या ओल्या पाठीवर डोकं टेकलं आणि रडले. आईसाठी रडले, आणि ही उद्या जाणार म्हणूनही रडले, मला त्यात फरक करता आला नाही. शकू वळली नाही. डोळे मिटून तशीच बसून राहिली आणि मागे हात नेऊन तिनं माझा हात पुन्हा आपल्या डोक्यावर ठेवला. "चोळत राहा," म्हणाली.

न्हाणीचं दार नुसतं लोटलेलं होतं. ते किंचित उघडलं आणि फटीत आत्या दिसली, हातात गरम पाण्याचं तपेलं. कार्तिकापासून जिनं मला रडवायला काय काय केलं, ती बघत उभी राहिली. मला वाटलं, आता ही हाक मारून सगळ्यांना गोळा करणार. तिनं तपेलं आवाज न करता खाली ठेवलं आणि दार बाहेरून ओढून घेतलं. बाहेर शकूच्या आईचा आवाज आला, हळदीला उशीर होतोय, आटपा म्हणावं. मग आत्याचा.

"थांबा जरा. आत कोनी जाऊ नका. पोरी न्हाऊ राह्यल्या."